ओढकामाच्या घोड्यांचा क्लब, त्याचं वर्ष आणि आपल्या बैलजोड्या

माणगंगा
२८ एप्रिल, रात्री ९:१२

मंडळी, काल आयुष्यात पहिल्यांदा घोड्यांमागे नांगर धरला. अजून दंड भरून आलेत, तरी लिहायचा मोह आवरत नाही.

मी मूळचा आटपाडी तालुक्यातला, अकरा वर्षं झाली अमेरिकेत ओहायोत आहे. आमच्यापासून पाऊण तासावर होम्स काउंटी. तिथे आमिश लोकांची दाट वस्ती. त्यांच्यातल्या जुन्या वळणाच्या मंडळींच्या शेतात ट्रॅक्टर चालत नाही, नांगरणीपासून कापणीपर्यंत सगळं घोड्यांवर. पण धागा त्यांच्याबद्दल नाही. शेजारच्या काउंटीत बिगर-आमिश लोकांचा ओढकामाच्या घोड्यांचा एक क्लब आहे. निवृत्त शिक्षक, दोन डेअरीवाले, एक ट्रक चालवणारा, एक दातांची डॉक्टरीण, अशी साठेक माणसं. घोडे त्याहून कमी. बहुतेक बेल्जियन आणि पर्शरॉन, एकाकडे क्लाइड्सडेलची जोडी. एकेक जनावर आठशे किलोच्या पुढे. उंची इथे 'हातात' मोजतात, एक हात म्हणजे ४ इंच. काल माझ्यापुढे जी पर्शरॉन घोडी होती ती १७ हातांची, म्हणजे खांद्यापाशीच ५ फूट ८ इंच. मी ५ फूट ६ आहे.

क्लबाचं वर्ष असं चालतं. जानेवारीत सभा, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, हिशोब वाचायचा, भांडायचं. (इथपर्यंत आपलंच सगळं.) फेब्रुवारीत बर्फ असेल तर घसरगाडीची फेरी. फेब्रुवारीच्या शेवटी मेपलचा रस गोळा करायला जंगलात टाक्या ओढत न्यायच्या. मार्चमध्ये घोड्यांचा लिलाव. एप्रिल-मेमध्ये नांगरणीचा दिवस. मेअखेर आणि ४ जुलैला गावच्या मिरवणुकीत गाड्या. जुलैत गव्हाची कापणी आणि मळणी जुन्या यंत्रांवर. ऑगस्टमध्ये काउंटीची जत्रा, तिथे ओढण्याची स्पर्धा. जोडीने काँक्रीटचे ठोकळे लादलेली घसरपाटी साडेसत्तावीस फूट ओढायची, तीन संधी, दर फेरीला वजन वाढतं. ऑक्टोबरमध्ये मका मोडणी आणि पोरांना कडब्याच्या गाडीतून फेऱ्या. डिसेंबरात नाताळच्या फेऱ्या, त्याचे पैसे वृद्धाश्रमाला.

कालचा नांगरणीचा दिवस. बारा जोड्या, एकाच वीस एकरी रानात. कुणी बसायच्या नांगरावर, कुणी चालायच्या. एका सत्तरीच्या काकांनी मला रुमण्याशी, म्हणजे नांगराच्या मुठीशी, उभं केलं. लगाम त्यांनी धरला, नांगर मी. पहिल्या दहा पावलांत फाळ वर आला आणि मी मातीवर नुसती रेघ मारत गेलो. ते म्हणाले, दाबू नकोस, उचल. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरंच मुठी किंचित वर उचलल्या की फाळाचं नाक खाली जातं आणि तो आपोआप माती खातो. मग एकदम आवाज बदलला. खरखर गेली, जाड कापड फाडल्यासारखा एकसारखा आवाज यायला लागला, आणि माती उजवीकडे पालथी पडायला लागली, ओली, चकचकीत. तीन तासं (नांगराचे चर) घेतली. वाकडी आली. चौथ्याला काकांनी नांगर काढून घेतला, "दुसऱ्यांनाही शिकायचंय."

तर प्रश्न. आमच्या गावात मी लहान असताना दारोदार जोडी होती. आता माझ्या चुलत्यांची धरून चार. इथल्या लोकांनी घोडा कामातून गेल्यावरही वर्षाचं काहीतरी बांधून ठेवलं. आपल्याकडे बैलजोडीवाल्यांचं असं मंडळ का नाही? की आहे, आणि मलाच माहीत नाही?


चहाटळ
२८ एप्रिल, रात्री ९:३१

आपल्याकडे घोड्याचं काम एकच, नवरदेव वाहायचा. ओढकाम नंतर नवरदेव करतो.


गुंठामंत्री
२८ एप्रिल, रात्री १०:०५

लेख वाचून कॅल्क्युलेटर काढला. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तास १ फूट रुंद धरलं तर एक एकर नांगरायला ४३,५६० फूट चालायचं, म्हणजे सव्वातेरा किलोमीटर. आपल्या नांगराचं तास त्याहून अरुंद, म्हणजे चाल आणखी. माझे आजोबा हे दिवसभर करून संध्याकाळी परत देवळात भजनाला जायचे. मी तीन हजार पावलं झाली की फोनला शाबासकी मागतो.


खुरपं
२९ एप्रिल, सकाळी ६:५०

माणगंगा दादा, लिहिलंय छान, पण मला पटलं नाही. तुमच्या डॉक्टरीणबाई दात काढून पैसे कमावतात आणि ते घोड्याला खायला घालतात. आमच्याकडे बैलाने कमवायचं आणि घराने खायचं. हौस आणि गरज एका दावणीला बांधू नका.

आम्ही जोडी विकली २०१७ ला. तीन एकर रान, त्यात एक एकर ऊस. ट्रॅक्टरवाला एका तासात रान उकरून मोकळा होतो, पैसे दिले की संपलं. बैलाला काम वर्षातले साठ-सत्तर दिवस, वैरण तीनशे पासष्ट दिवस. त्यात वैरण काढायची, पाणी दाखवायचं, शेण काढायचं ते कुणी? बाईने. मंडळ काढाल, पुरुष फेटे बांधून फोटोला उभे राहतील, शेणाची पाटी कुणाच्या डोक्यावर तेही ठरावात लिहा.

विकली तेव्हा मी दोन दिवस गोठ्यात गेले नाही, हेही सांगते. पण परत घ्या म्हणाल तर नाही घेणार.


वखरपास
२९ एप्रिल, सकाळी ९:२०

मंडळ नाही कसं? आमच्या इकडे विदर्भात शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, काय आहे मग? तळेगाव दशासरचा पट म्हणजे दूरदूरच्या जोड्या येतात. अन् पोळा! पिठोरी अमावास्येला गावच्या तोरणाखाली सगळ्या जोड्या एका रांगेत, आदल्या दिवशी खांदेमळण, तूप-हळदीनं खांदे चोळायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या". तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. तुमच्या ओहायोच्या क्लबात दोन वर्षांच्या पोराचा बैल असतो का?

मी आर्वीकडचा. गवळाऊ आमची जात, पांढरी, हलकी, पळायला चपळ. आमचा बाप सांगायचा, गवळाऊ चालत नाही, पाण्यासारखा वाहतो.


पिंपळपार
२९ एप्रिल, सकाळी ११:४८

वखरपास, शर्यत आणि ओढकाम वेगळं हो. शर्यतीचा बैल नांगराला जुंपत नाहीत, त्याला अंडी-दूध चालू असतं. त्याचा मालक बऱ्याचदा शेतकरी कमी, बिल्डर जास्त. (गुंठामंत्री, हे तुम्हाला नाही.)

तरी शर्यतवाल्यांकडून शिकण्यासारखं एक आहे: संघटना. २०११ ला खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या केंद्राच्या अधिसूचनेत बैल आला, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ ला राज्याने कायदा केला तर उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा उचलून धरला. इतकी वर्षं वर्गणी काढून, मोर्चे काढून, वकील लावून ही माणसं टिकली. नांगराच्या बैलासाठी कोण कोर्टात गेलंय? त्याच्यावर बंदी कुणी घातलीच नाही. तो आपोआप गेला.


घाटकरी
२९ एप्रिल, दुपारी १:१५

शर्यतीला नावं ठेवायची फॅशन झाली आहे. आमच्या खेड-जुन्नर-आंबेगावकडे घाटात चार बैल पळतात आणि पुढे घोडी. हो, घोडी! स्वाराने बैलांच्या पुढे घोडी काढायची, मागे गाडा सुटलेला. धाग्यात घोडा पाहिजे होता ना? घ्या. सेकंदाच्या हिशोबात 'घाटाचा राजा' ठरतो. आमच्या गोठ्यात आज खिलार जातीचे सहा बैल आहेत ते शर्यतीमुळे. बंदीच्या काळात खोंडाला गिऱ्हाईक नव्हतं, गायवाल्यांनी खिलार गाय सोडून जर्सी बांधली. बंदी उठली आणि सांगोल्याच्या बाजारात चांगल्या खोंडाच्या किमती कुठच्या कुठे गेल्या. जात टिकली ती आमच्या नादामुळे. नांगरवाल्यांनी काय टिकवलं?


खुरपं
२९ एप्रिल, दुपारी १:४०

घाटकरी, तुमच्या सहा बैलांचं शेण कोण काढतं?


घाटकरी
२९ एप्रिल, दुपारी १:५२

गडी आहे ताई.


चहाटळ
२९ एप्रिल, दुपारी १:५५

गडी कुणाचा नवरा आहे ते बघा, पाटी तिच्याच डोक्यावर असेल.


निवृत्त_पशुवैद्य
३० एप्रिल, सकाळी ८:०५

चांगला धागा. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बरीचशी बैलांच्या खांद्यांकडे बघत. थोडं तांत्रिक लिहितो.

माणगंगांनी पाहिलेला घोडा ओढत नाही, ढकलतो. त्याच्या गळ्यात जाड भरलेलं कडं असतं, ते दोन्ही खांद्यांवर बसतं आणि भार छातीच्या दोन बाजूंना वाटला जातो. आपल्या बैलाच्या मानेवर जू, वशिंडाच्या पुढे. दोन-तीन इंच रुंद लाकडाच्या पट्टीवर सगळा भार. लाकूड खडबडीत असेल, दोन बैल उंचीने कमी-जास्त असतील किंवा पावसात खांदा ओला असताना जुंपलं, की खांदेसूज आलीच. आधी नुसती गरम सूज, मग पाणी, मग गाठ, मग ती घट्ट होते आणि चिरावी लागते. शंभरातल्या ऐंशी खांदेसुजी टाळता येण्यासारख्या असतात, हा माझा अंदाज, शास्त्र समजू नका. सूज दिसली की आठ दिवस जुंपायचं नाही, एवढंच औषध. आणि शेतकरी नेमकं तेच करू शकत नाही, कारण सूज येते पेरणीत.

उसाच्या टायरगाडीला तर मानेवर नको तितका भार येईल, असं लादलेलं असतं. इस्लामपूरजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी २०२२ मध्ये जुवाखाली टेकणारं एक सुटं चाक करून दाखवलं, त्याचे फोटो खूप फिरले. कल्पना अगदी योग्य. गाडीवानाला मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, बांधावरून उतरताना ते चाक कुठं जाईल?" तोही बरोबर.

खुरांचं: घोड्याला खुरामागे एक नाल. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. घोडा उभ्या उभ्या नाल मारून घेतो, बैल पाडावा लागतो. पत्री मारणारे आता आमच्या तालुक्यात दोनच राहिलेत, दोघंही साठीच्या पुढचे. मंडळ काढायचं असेल तर आधी यांच्याकडे एखादं पोरगं शिकायला बसवा.


डांगाण
३० एप्रिल, सकाळी १०:३०

डॉक्टरकाका, पत्रीची गरज आमच्या डांगी जातीच्या बैलाला नाही. :) काळं, दगडासारखं खूर. आणि कातडीला तेलकटपणा, पाऊस अंगावरून ओघळून जातो. अकोले, इगतपुरीच्या पावसात भातखाचरात गुडघाभर चिखल तुडवायला हेच जनावर. खिलार आमच्याकडे आणलं तर पहिल्या श्रावणात आजारी.

माणगंगांच्या प्रश्नाला उत्तर: राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, ते मोठं आहे. दुसा, चौसा, सहादाती असे दातांवरून गट, वळू वेगळे, बैलजोड्या वेगळ्या. पण तिथे बैल उभा असतो. कुणी चिखलणी करून दाखवत नाही. तुमच्या नांगरणीच्या दिवसासारखं आमच्याकडे काही नाही हे वाचताना लक्षात आलं, आणि जरा लागलं.


पिंपळपार
३० एप्रिल, सकाळी ११:१०

डांगाणनी मुद्दा पकडला. आपल्याकडे बैलाचं वर्ष रिकामं नाहीच. बेंदूर किंवा पोळा आहे. डिसेंबरात पुसेगावची सेवागिरी यात्रा, पौषात खरसुंडीचा बाजार, नांदेडकडे माळेगावची खंडोबाची जत्रा. पण हे सगळे दिवस एकतर पूजेचे, नाहीतर खरेदी-विक्रीचे, नाहीतर पळवायचे. कामाचा दिवस एकही नाही. काम रोजचंच होतं, त्याचा दिवस कोण कशाला पाळणार?


सुलभा_लातूर
३० एप्रिल, दुपारी ३:२५

देवणीचं नाव कुणी घेईना म्हणून लिहिते. देवणी हे आमच्या लातूर जिल्ह्यातलं गाव, त्यावरून जातीचं नाव. दूध पण, ओढ पण. आणि कंधारची लालकंधारी. खिलारवाल्यांना वाटतं महाराष्ट्र माणदेशातच संपतो.


माणगंगा
१ मे, पहाटे ५:१० (इकडे अजून ३० तारीख)

सुलभाताई, कबूल. आमच्याकडे खिलार सोडून दुसरं जनावर दिसलं तर ते वाट चुकलंय असं समजतात.

खुरपंताई, तुमचं बोलणं दोन दिवस डोक्यात आहे. इथे पण हौसच आहे, मी नाकारत नाही. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास घोडे-खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर होती, १९६० पर्यंत तीस लाखांच्या आसपास उरली. मधली पिढी शुद्ध गरजवाली होती, तिने ट्रॅक्टर आल्याबरोबर घोडे विकले. त्यांच्या नातवंडांनी क्लब काढले. म्हणजे बैल गेला अन् झोपा केला, हे इथेही झालंच. आणि शेण काढायला इथे क्लबाचे अध्यक्ष स्वतः असतात, कारण गडी परवडत नाही.

डॉक्टरकाका, गळ्यातलं कडं प्रत्येक घोड्याचं वेगळं असतं, दुसऱ्याचं घालत नाहीत. जुंपायच्या आधी काकांनी त्यात हात घालून पाहिला, चार बोटं सपाट आत गेली पाहिजेत. आपल्याकडे जू तर दोन बैलांना मिळून एकच.


रोखठोक_नगरी
१ मे, सकाळी ९:००

सगळे मूळ दुखण्याला बगल देताय. म्हातारा बैल. २०१५ च्या कायद्यानंतर बैल कापायला बंदी. काम संपलेला बैल बाजारात कोण घेतो? आधी म्हातारी जोडी विकून त्यात भर घालून नवी घेता यायची. आता जुना विकत नाही, मग नवा घेणार कशातून? शेतकऱ्याने विचार केला, झंझटच नको. तुम्ही मंडळं काढा, वर्षभराचे कार्यक्रम करा, वीस वर्षं जगणाऱ्या जनावराच्या शेवटच्या आठ वर्षांचं काय ते आधी सांगा.


भूतदया
१ मे, सकाळी ९:२२

ज्याने आयुष्यभर राबून दिलं त्याला म्हातारपणी पोसायचं नाही? आईबापांनाही हाच हिशोब लावाल.


रोखठोक_नगरी
१ मे, सकाळी ९:२६

आईबापांना पेन्शन असते. तुम्ही किती बैल पोसता? आकडा सांगा.


भूतदया
१ मे, सकाळी ९:३१

प्रश्न संस्कारांचा आहे, आकड्यांचा नाही. आणि हे ठराविक पक्षाच्या


चावडी_संपादक
१ मे, सकाळी १०:१५

वरचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. कायद्याच्या परिणामांवर बोला, पक्षांवर बोलायला वेगळा धागा आहे, तिथे आधीच चारशे प्रतिसाद झालेत. बैलांकडे परत या.


माणगंगा
१ मे, रात्री ८:४०

रोखठोक, इथेही हेच आहे, शब्द बदलून. अमेरिकेतले घोडे कापणारे शेवटचे कारखाने २००७ मध्ये बंद झाले. त्यानंतर म्हातारे घोडे ट्रकमध्ये भरून कॅनडा आणि मेक्सिकोला जायला लागले, म्हणजे मरण टळलं नाही, प्रवास वाढला. क्लबाच्या जानेवारीच्या सभेत भांडण व्हायचं ते याच्यावर. आता त्यांनी एवढं केलंय: मार्चच्या लिलावात म्हातारी घोडी आली की सभासद वर्गणी काढून उचलतात, आणि ती नवशिक्यांना शिकवायला ठेवतात. मी ज्या घोडीमागे नांगर धरला ती एकवीस वर्षांची. तिला कुणी काही सांगावं लागत नव्हतं. शेताच्या टोकाला आली की स्वतःच थांबायची, वळायची, तासात पाय टाकायची आणि माझी वाट बघायची. खरं तर मला तिने नांगरायला लावलं. सगळ्या म्हाताऱ्या घोड्यांना असं घर मिळत नाही, क्लबाला वर्षाला दोन-तीनच झेपतात.


खुरपं
२ मे, सकाळी ७:०५

हे मात्र पटलं. आमचा सर्जा असाच होता. नवऱ्याला नांगर येत नव्हता तेव्हा सर्जाला येत होता.


निमूट_वाचक
१९ जुलै, रात्री १०:५०

वरातीमागून घोडं आणतोय, माफ करा. सहा वर्षं इथे वाचतोय, पहिला प्रतिसाद.

मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. धागा वाचून आमच्या इथे चौघांनी थोडं काहीतरी केलं. मंडळ वगैरे नाही, व्हॉट्सॲप ग्रुप. तीन गावांत मिळून नऊ जोड्या निघाल्या. बेंदराला कर तोडायला, म्हणजे बैल पळवून वेशीवरचं तोरण तोडायला, सगळ्यांना एका गावात बोलावलं, एरवी जोड्या नसल्यामुळे दोन गावांत तो बंदच पडला होता. झूल दोन जोड्यांनाच होती, बाकीच्यांना आयाबायांनी जुन्या नऊवार फाडून शिवल्या. मूळ झुलींपेक्षा त्याच भारी दिसल्या. शिंगांना हिंगूळ लावताना एका बैलाने बाजूच्या बुलेटचा आरसा पाडला, बुलेटवाला बैलाच्याच मालकाचा जावई निघाला, मिटलं.

तिथे बसल्या बसल्या ठरलं की कामाचा एक दिवस धरायचा. नांगरणी नको, नांगर ट्रॅक्टरनेच होतो. आमच्याकडे शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, महत्त्वाचा. तर हस्त नक्षत्राच्या आधी, वापसा आला (रानात पेरणीजोगी ओल झाली) की एका रानात सगळ्या जोड्यांनी पाभरीने, बैलांच्या पेरणीच्या अवजाराने, शाळू पेरायचा. एका दिवसात. पोरांना बोलवायचं.

अडचण इथे आली. बैल आहेत, पाभर मिळाली, तीन फणांची, एका माळवदावर (मातीच्या धाब्यावर) उलटी पडली होती. पण चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणारं माणूस नाही. पेरणी यंत्राने व्हायला लागून पंचवीस वर्षं झाली. आमच्या चुलतीने लग्न झाल्यावर दोन वर्षं मूठ धरली होती, ती म्हणते, विसरले, दाट पडेल. एक आजी आहेत ऐंशीच्या, त्यांना चालवत नाही. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. यूट्यूबवर पाहिलं, त्यात नुसती गाणी लावलेली असतात.


पिंपळपार
१९ जुलै, रात्री ११:१५

निमूट राहून तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बोललात हो.


निवृत्त_पशुवैद्य
२० जुलै, सकाळी ७:३०

बैल वर्षभर बसून असतील तर एकदम दिवसभर जुंपू नका. ऑगस्टपासून रोज सकाळी तासभर कुळव धरा. खांदे आधी तयार होऊ देत. आणि उंचीने सारखे बैल जोडीत घ्या, मालकांची मैत्री बघून जोड्या लावू नका. तुमचं गाव माझ्यापासून दीड तासावर आहे, आदल्या दिवशी येऊन खांदे-खूर बघून जाईन. फी एक भाकरी.


माणगंगा
२० जुलै, रात्री ९:४५

निमूटदादा, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती ७१ वर्षांची आहे, माझ्या आजीबरोबर वीस वर्षं पाभरीमागे चालली. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो.

"ओटीत बी घ्यायचं, पोत्यात ठेवून पळायचं नाही. मूठ भरून चाड्यावर धरायची, अंगठा आत, आणि करंगळीकडून सोडायचं. बोटं उघडायची नाहीत, नुसती हलवायची, जपमाळ ओढतो तसं. चाड्याला खाली तीन भोकं, तीन नळ्या. बी मधोमध पडलं पाहिजे, नाहीतर कडेचा फण रिकामा जातो आणि ते उगवल्यावरच कळतं, तोवर सासू विसरलेली नसते. बैल हळू झाले की हात हळू. बैल थांबले की मूठ मिटायची. आणि नळ्यांकडे कान ठेवायचा. बी पडताना बारीक आवाज येतो. आवाज गेला की नळी तुंबली, फणाला माती धरली. उगाच पुढं जायचं नाही."

मी विचारलं, एकरी किती पडायला हवं. म्हणाली, "ते मापानं नाही, मुठीनं. असं फोनवर काय सांगू? त्या पोराला म्हणावं गाडी पाठव. मी येते."

मी म्हटलं, गुडघे? तर म्हणाली, एक तास मी धरीन, मग पोरींना शिकवीन. तिथून तुमचं गाव फार लांब नाही. खरंच गाडी पाठवाल का? मला येता येणार नाही, त्याच सुमारास इथे मक्याची मोडणी आहे आणि यंदा माझं नाव लावलंय.


निमूट_वाचक
२० जुलै, रात्री १०:०२

दादा, गाडी काय, मी स्वतः येतो. तारीख वापसा बघून ठरेल, चार दिवस आधी फोन करतो. आईंना काय लागेल ते विचारून ठेवा.


खुरपं
२१ जुलै, सकाळी ६:४०

मी पण येते. मूठ मला येत नाही, पण शिकायचीय. शेण काढणार नाही, आधीच सांगते.


चहाटळ
२१ जुलै, सकाळी ८:१५

मला काय आणायचं?


निमूट_वाचक
२१ जुलै, सकाळी ८:४०

पाटी.


माणगंगा
२१ जुलै, संध्याकाळी ६:३०

आईला विचारलं. म्हणाली काही नको, फक्त पाभर आधी एक दिवस पाण्यात भिजवून ठेवा, माळवदावर राहून लाकूड सुकलं असेल, फण खिळखिळतील. आणि नळ्या बांबूच्या आहेत की प्लॅस्टिकच्या ते बघून सांगा. प्लॅस्टिकच्या असतील तर आवाज ऐकू येत नाही.


निमूट_वाचक
२१ जुलै, रात्री ९:१८

आत्ता बॅटरी घेऊन माळवदावर जाऊन आलो. दोन बांबूच्या आहेत. तिसरी नाहीच.